इंजिनांच्या जत्रेतला नकार

अमेरिकेहून परत आल्यापासून जो भेटतो तो आधी नायगऱ्याचं विचारतो. नायगरा मी पाहिला. तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे तसाच आहे, फक्त अंगावर उडतो. राष्ट्राध्यक्षांचं पांढरं घर पाहिलं, कुंपणाबाहेरून. न्यूयॉर्कच्या उंच इमारती बघून मान अशी अवघडली की दोन दिवस तेल चोळून घ्यावं लागलं. एवढं सगळं पाहूनही डोळ्यांपुढे सारखं येतं ते ओहायो राज्यातलं एक गवताचं मैदान. तिथं दर सप्टेंबरात जुन्या इंजिनांची आणि ट्रॅक्टरांची जत्रा भरते. त्या जत्रेत आमच्या घरच्या माणसाच्या हातून एक गोष्ट निसटली आणि ती निसटली तेव्हा मी शेजारीच उभी होते. त्याची हळहळ अजून जात नाही.

माझा धाकटा भाऊ सदाशिव, म्हणजे आमचा सदा, कोलंबस शहराला लागून असलेल्या डब्लिनमध्ये राहतो. शुभा त्याची बायको. मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला म्हणून सदा तिकडे गेला, तेव्हा माझी मुलं रांगत होती. आता तो एका मोठ्या कंपनीत मोठा साहेब आहे. काचेची खोली, गळ्यात टाय, टेबलावर दोन फोन. "पण तू तिथं नेमकं करतोस काय रे?" असं मी एकदा विचारलं, तर हसून म्हणाला, "मीटिंगा चालवतो, अक्का. एका मीटिंगमध्ये बसून पुढची कधी घ्यायची ते ठरवतो." हसला खरा, पण नंतर बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला.

त्याचा जीव खरा जुन्या इंजिनांत. तो तिथं का अडकलाय हे कळायला आप्पांची गिरणी सांगायला हवी. कऱ्हाडजवळ आमच्या गावात आमच्या वडिलांची पिठाची गिरणी होती आणि ती विलायती ऑइल इंजिनावर चालायची. धुराच्या नळीच्या तोंडावर आप्पांनी एक पत्र्याचा डबा उलटा लटकवला होता. त्यामुळे पुक् पुक् असा आवाज शिवारभर जायचा आणि गिरणी सुरू झाल्याचं बायकांना घरात बसून कळायचं. शाळेतून आला की दप्तर टाकून सदा तिथंच. इंजिनिअर व्हायचं वेड त्याला तिथं लागलं. पुढे गावात वीज आली, आप्पांनी मोटर बसवली आणि इंजिन भंगारवाल्याला दिलं. त्यात वाईट वाटण्यासारखं आम्हाला कुणाला काही दिसलं नाही. धूर गेला म्हणून आई तर खूश होती. सदा पहिल्यांदा सुट्टीवर आला तो पिशव्या ओसरीवर ठेवून थेट गिरणीत गेला. सिमेंटचा ओटा आणि त्यातून वर आलेले गंजके बोल्ट, एवढंच उरलं होतं. त्या दिवशी त्याच्या आवडीची वांग्याची भाजी होती, पण तो भूक नाही म्हणाला.

"सप्टेंबरातला तो जत्रेचा शनिवार म्हणजे ह्यांचं माहेर," शुभानं मला आधीच सांगून ठेवलं होतं. "एरवी वीकेंडला दहा वाजेपर्यंत उठत नाहीत. त्या दिवशी बघा तुम्ही, पहाटे शॉवर घेऊन रेडी."

मक्याच्या पट्ट्यात

आम्ही तिघं निघालो. सदाच्या मुलीलाही विचारलं होतं. "बाबा, इट्स जस्ट ओल्ड ट्रॅक्टर्स," एवढं म्हणून ती पांघरुणात परत गेली. शुभानं पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेतली होती. कॅमेऱ्याच्या फिल्मची एक रिकामी डबी असते ना, काळी, घट्ट झाकणाची, त्यात तिखटमीठ भरून तिनं पर्समध्ये टाकलं. तिकडच्या सगळ्या आपल्या बायकांच्या पर्समध्ये ही डबी सापडते.

कऱ्हाडच्या कन्याशाळेत मी भूगोल शिकवला. अमेरिकेतला मक्याचा पट्टा मुलींकडून इतक्या वेळा पाठ करून घेतला की झोपेतही सांगेन. पण मक्याचा पट्टा म्हणजे काय ते त्या दिवशी मोटारीत बसल्यावर कळलं. दोन्हीकडे मका, पुढे मका, आरशात बघावं तर मागे मका. पाती पिवळी पडायला लागली होती. मध्येच एखादं पांढरं चर्च, धान्याचं लोखंडी गोल कोठार, एखादं घर. पण अंगणात माणूस नाही की गोठ्याबाहेर जनावर नाही.

"एवढं धान्य पिकवतं तरी कोण?" मी विचारलं.

"एक नवरा, एक बायको आणि मशीन," सदा म्हणाला. "आणि नवरा-बायकोही आता म्हातारी."

जत्रेचा आवाज आधी आला. सदानं काच खाली केली तेव्हा लांबून फट्फट्, फुस्फुस् आणि मध्येच धाड असा गलका ऐकू आला. तो बोलता बोलता थांबला आणि त्यानं शुभाचा कॅसेट प्लेअर बंद केला.

मैदानात शिरताना मी पदर खोचून घेतला, कारण जिकडे तिकडे उघडी चाकं आणि पळते पट्टे. अंगावर पाचवारी आणि पायांत शुभाचे कॅनव्हासचे बूट. काही वेळ सगळी जत्रा इंजिनं सोडून माझ्याकडेच बघत होती. गवतावर रांगांमागून रांगा लागल्या होत्या. बादलीएवढी इंजिनं, बैलगाडीएवढी इंजिनं, आणि मधोमध वाफेवर चालणारे लोखंडी चाकांचे अजस्र ट्रॅक्टर, कोळशाचा काळा धूर सोडत उभे. प्रत्येक इंजिनाशेजारी घडीच्या खुर्चीवर एक म्हातारा, डोक्यावर टोपी, हातात तेलाची बुधली. कुणी फडक्यानं पितळ पुसतोय, कुणी मान तिरपी करून नुसता ऐकतोय. पन्नाशीच्या आतला माणूस शोधावा लागत होता.

"हे इंजिन काय काम करतं?" एका आजोबांना मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत विचारलं.

त्यांनी जरा विचार केला. "काम असं काही नाही, मॅम. चालतं."

खरंच, त्यातली बहुतेक नुसतीच चालत होती. आपल्याकडे यंत्राचं काम संपलं की ते वजनावर जातं. तिथं काम संपल्यावर त्याला रंगरंगोटी करून उन्हात बसवतात आणि त्याच्याजवळ स्वतःही बसतात. मला आधी हसू आलं. मग गिरणीतला तो ओटा आठवला आणि वाटलं, आम्ही एवढी घाई करायला नको होती.

एका कोपऱ्यात गव्हाची मळणी चालली होती. एका टोकाला वाफेचा ट्रॅक्टर, दुसऱ्या टोकाला लाकडी मळणीयंत्र आणि दोघांच्या मध्ये लांबलचक पट्टा, एक पीळ देऊन चढवलेला. पेंढ्या आत गेल्या, भुसा उडाला आणि वास आला तो थेट आमच्या खळ्यावरचा. मी डोळे मिटून वास घेत उभी राहिले, तेवढ्यात चिमणीतली ठिणगी पदरावर पडून भोक पडलं. लगेच एक गोरी बाई सोडावॉटरची बाटली आणि रुमाल घेऊन धावत आली. भोकाला सोडावॉटरचा काय उपयोग हे तिलाही ठाऊक नसावं, पण परक्या बाईसाठी ती धावली. साडी इरकल होती, जाऊ द्या.

वॉल्टर

"चला, आता वॉल्टरकडे," सदा म्हणाला आणि इतका भराभरा चालायला लागला की शुभा आणि मी मागे पडलो.

वॉल्टर हा सत्तरी ओलांडलेला शेतकरी. उंच, खांद्यात वाकलेला, निळी डंगरी घातलेला. काही वर्षांपूर्वी सदा रस्ता चुकून या मैदानाशी आला आणि आवाजाच्या मागे मागे जाऊन वॉल्टरच्या इंजिनापाशी खिळून उभा राहिला. म्हाताऱ्यानं त्याला बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "सुरू करून बघतोस?" या जत्रेत दुसऱ्याच्या इंजिनाला विचारल्याशिवाय बोटही लावायचं नसतं. त्यामुळे हा मान मोठा होता. तेव्हापासून दर वर्षी वॉल्टर इंजिन मुद्दाम बंद करून ठेवतो, आणि सदा आला की तो ते सुरू करतो. दुसऱ्या कुणाला वॉल्टर हात लावू देत नाही.

इंजिन गडद हिरवं, कमरेएवढं, दोन्ही अंगांना जड चाकं. वॉल्टरच्या आजोबांनी घेतलेलं. त्यावर त्यांनी विहिरीचं पाणी उपसलं, मका सोलला, आजीचं कपडे धुण्याचं यंत्र चालवलं. आता त्याला एक लाकडी पिंप जोडलं होतं आणि त्यात बर्फ-मीठ घालून आइसक्रीम होत होतं, आपण घरी पॉट फिरवून करतो तसंच. त्या इंजिनाची रीत मला फार आवडली. एकदा धाड करून पेटायचं, आणि मग चाकाच्या जोरावर फुस् फुस् करत निवांत फिरत राहायचं. वेग उतरला की पुन्हा एक धाड.

"दमलं की एक घास खातं," सदा मला म्हणाला. "भरपेट कधी खात नाही, अक्का."

पण ते नंतर. आधी त्यानं घड्याळ काढून शुभाकडे दिलं, बाह्या वर केल्या. टाकीत डोकावून पाहिलं, हवेच्या भोकावर तळहात दाबला, चाक जरासं उलटं फिरवलं, ते आतून उसळून परत आलं त्याच क्षणी सगळं अंग टाकून ओढलं. धाड! सदा हसला. तीन महिन्यांत मी त्याला पुष्कळदा हसताना पाहिलं होतं, पाहुण्यांसमोर, टीव्हीसमोर, फोनवर. हे हसू त्यातलं नव्हतं. मला एकदम भरून आलं आणि मी पिंपातलं आइसक्रीम बघायचं निमित्त केलं.

आइसक्रीम खाऊन झाल्यावर वॉल्टरनं इंजिन थांबवलं. कपातला चमचा त्याच्या हातात वाजत होता, बोटं एवढी थरथरत होती. तो हळू बोलला म्हणून मला शब्द न् शब्द समजला.

"सॅडा," तो सदाला असंच म्हणतो, "हिवाळ्याआधी मी ॲरिझोनाला मुलीकडे राहायला चाललोय. शेत मुलगा बघेल, पण त्याला यात रस नाही. माझे हात तर तू बघतोसच. हे इंजिन चालवणाऱ्या माणसाकडे जायला हवं. ते तुझ्याकडे जावं असं मला वाटतं. पैशाचं बोलायचं नाही."

सदाचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं शुभाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"नो, नो, वॉल्टर," तो म्हणाला. "हे मी कसं घेऊ? तुमच्या आजोबांचं आहे. नाही, नाही."

वॉल्टर त्याच्याकडे क्षणभर बघत राहिला. मग त्यानं मान हलवली. "असो. विचारून बघावं म्हटलं," असं म्हणून तो तेलाची बुधली भरायला गेला.

आपल्यापैकी कुणाला हे समजावून सांगायला नको. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. लगेच हात पुढे केला तर माणूस अधाशी दिसतो. मग देणाऱ्यानं आग्रह करायचा, घेणाऱ्यानं आढेवेढे घ्यायचे, आणि शेवटी "बरं, एवढं म्हणताय तर" म्हणून घ्यायचं. पंगतीतल्या जिलबीपासून लग्नातल्या आहेरापर्यंत आपलं सगळं असंच चालतं. सदाचं 'नो' हे ते पहिलं नको होतं. मला कळलं, शुभाला कळलं. वॉल्टरला कळायचं काही कारण नव्हतं. आणि तो आता मागे वळून पुन्हा विचारेल म्हणून आम्ही तिघंही तिथं वेड्यासारखे उभे राहिलो.

नवल याचं की हा धडा मला सदानंच दिला होता. मी तिकडे गेले त्याच आठवड्यात शेजारच्या बाईनं केक पुढे केला, मी नको नको म्हटलं, तर बाई शांतपणे डबा बंद करून घरी गेली. "अक्का, इथं एकदाच विचारतात," सदा म्हणाला होता. "हवं असेल तर फर्स्ट टाइमलाच येस म्हणायचं."

झाडाखाली

आम्ही एका मेपलच्या झाडाखाली डबा उघडला. जत्रेत एका मोठ्या कढईत घेवड्याचं सूप शिजत होतं, त्याचा एक वाडगा सदानं हौसेनं माझ्यासाठी आणला. मी चमचा तोंडाशी नेला आणि शुभानं तो हिसकावून घेतला, कारण आत डुकराच्या मांसाचे तुकडे होते. एरवी सदा असा वेंधळेपणा करत नाही. पण त्या दिवशी त्याचं लक्ष कुठे होतं!

"लॉनमोअर शेडमध्ये हलवला की गॅरेजमध्ये मावतं," तो पुरी हातात तशीच धरून सांगत होता. "खाली लाकडी चौकट आहेच, चाकं लावली की झालं."

"आणि माझी कार? स्नोमध्ये बाहेर?" शुभा म्हणाली.

"एक विंटर, यार. पुढच्या समरला मागे याच्यासाठी वेगळी शेड बांधतो."

"सकाळी सकाळी स्टार्ट केलंत तर नेबर्स पोलीस बोलावतील."

"त्यांना आइसक्रीम देऊ."

मीही त्यात सामील झाले. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालू, हळदकुंकू लावू म्हटलं. झेंडू नाही मिळाला तर शेवंती चालेल, असं शुभा म्हणाली. सदानं धुराच्या नळीवर डबा लटकवता येईल का याचाही विचार सुरू केला. कणसं भाजून आणली, लोण्यात बुडवलेली, त्यांना आम्ही फिल्मच्या डबीतलं तिखटमीठ चोळलं. फार सुखात होतो आम्ही.

"पण तू तर नको म्हणालास ना?" मध्येच मी म्हटलं.

"लगेच हो कसं म्हणणार, अक्का? बरं दिसतं का? त्यांच्या आजोबांचं आहे ते. विचारतील ना परत. जरा वेळानं जाऊ."

"वेळ द्या त्यांना," शुभा म्हणाली. मलाही ते पटलं.

मग ट्रॅक्टरांची मिरवणूक सुरू झाली. एकेक ट्रॅक्टर बाकांसमोरून जायचा आणि भोंग्यावरून मालकाचं नाव सांगायचे. एक बाई नवऱ्याचा ट्रॅक्टर चालवत आली. नवरा हिवाळ्यात गेला, असं भोंगेवाल्यानं सांगितलं, तसे बाकांवरचे सगळे पुरुष टोप्या काढून उभे राहिले आणि वाफेच्या ट्रॅक्टरांनी शिट्ट्या फुंकल्या. बाई सरळ समोर बघत गेली. सदाही उभा राहिला होता. मिरवणूक शेवटपर्यंत बघूनच आम्ही उठलो. तेवढा वेळ तिथं बसायला नको होतं, असं मी आता म्हणते. तेव्हा कुणाला घाई नव्हती.

हातात हात

आम्ही परत गेलो तेव्हा वॉल्टरच्या इंजिनापाशी चाळिशीचा एक लाल दाढीवाला गडी उकिडवा बसला होता आणि मागे एका पिकअप गाडीला जोडलेली ट्रॉली उभी होती.

"बरं झालं आलास, सॅडा," वॉल्टर म्हणाला. "हा डेल, इंडियानाचा. इंजिन याच्याकडे चाललंय. मी विचारलं आणि याला हो म्हणायला एक सेकंदही लागला नाही."

"दॅट्स वंडरफुल," सदा म्हणाला. त्यानं डेलचा हात हातात घेऊन जोरात हलवला. "काँग्रॅच्युलेशन्स!"

शुभा माझ्यासमोर त्याला नेहमी अहो म्हणते. त्या घटकेला ती विसरली. "सदा, सांग त्याला," ती हळूच पण कडक आवाजात मराठीत म्हणाली. "आत्ता सांग. तुला हवंय म्हणून सांग."

"आता काय सांगू?" सदा डेलकडे बघून हसत हसत, मराठीत म्हणाला. "त्यांचा शेकहँड झालाय."

यापुढचं बघवत नव्हतं. वॉल्टरचे हात चालत नव्हते, म्हणून त्यानं सदालाच सांगितलं, "तू दाखव रे त्याला. तुझ्याइतकं कुणाला येतं?" आणि सदानं दाखवलं. हवेच्या भोकावर तळहात कसा दाबायचा, चाक उलटं कुठवर न्यायचं, थंडीत कुठला भाग आधी गरम करायचा, कुठला स्क्रू सैल होतो, सगळं. डेलला जमेना, तेव्हा त्याच्या हातावर हात ठेवून ओढायला शिकवलं. शेवटी धाड झालं आणि आसपासच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत मोठ्यानं सदानं वाजवल्या.

मी वॉल्टरच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. तो त्या दोघांकडे बघत म्हणाला, "तुमचा भाऊ मला कळला नाही, मॅम. कितीतरी जणांनी हे मागितलं. मी कुणाला दिलं नाही, त्याच्यासाठी ठेवलं. मला वाटायचं याला ते हवंय. आज विचारलं तर नाही म्हणाला. खरं सांगतो, जरा लागलं मला."

एवढं महत्त्वाचं मी इंग्रजीत कधी बोलले नव्हते. "वॉल्टर," मी म्हटलं, "आमच्याकडे कुणी काही दिलं की पहिल्यांदा नाही म्हणतात. ते खरं नाही नसतं. तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून तो वाट बघत होता."

"वाट बघत होता?"

"हो. जेवताना तो ते घरात कुठे ठेवायचं ते ठरवत होता."

वॉल्टरनं टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. "माणूस नाही म्हणाला की मी त्याला पुन्हा विचारत नाही," तो म्हणाला. "तसं केलं तर त्याच्या शब्दाला किंमत दिली नाही असं होतं. माझ्या वडिलांनी मला असंच वाढवलंय."

"आता काही करता येणार नाही का?"

"मी हात मिळवलाय, मॅम." त्यानं ते इतक्या साधेपणानं सांगितलं की पुढे बोलायला जागाच राहिली नाही. "पण त्याला सांगा. ते त्याच्यासाठीच होतं, एवढं त्याला सांगा."

दोन फळ्या लावून इंजिन ट्रॉलीवर चढवलं. पुढून साखळीनं ओढत होते आणि मागून चौघं जण रेटत होते. त्यात एक सदा होता, पांढऱ्या शर्टासकट खांदा लावून. डेलनं निघताना खिडकीतून हात केला. वॉल्टरनं खुर्चीची घडी घातली, पण ती घेऊन जायची कुठे हे त्याला सुचत नसावं. इंजिन उभं होतं तिथलं गवत पिवळं पडलं होतं.

परतीच्या वाटेवर

परत येताना ऊन मक्यावर आडवं पडलं होतं. असा देखावा एरवी मी तुम्हाला रंगवून सांगितला असता. सदाच्या शर्टाच्या खांद्यावर हिरव्या रंगाचा आणि तेलाचा पट्टा उमटला होता.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "एका अर्थी बरंच झालं. त्याला मनापासून द्यायचंच नव्हतं. मनापासून असतं तर माणूस परत विचारतो. नाही का, अक्का?"

हे म्हणताना त्याचा आवाज जरा मोकळा झाला होता. मला वाटलं, असू दे, एवढा आधार याला राहू दे. पण वॉल्टरनं मला निरोप दिला होता आणि तो म्हातारा हिवाळ्याआधी जाणार होता. मी सगळं सांगितलं. इंजिन त्याच्यासाठीच ठेवलं होतं, कितीजणांना नाकारलं, वॉल्टरला लागलं, सगळं.

सदानं गाडीचा वेग कमी केला, रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. दोन्ही बाजूंनी वाळलेली पाती खसखसत होती.

"मग एकदाच का विचारलं त्यानं?" तो म्हणाला.

मागच्या सीटवरून शुभा बोलली, आणि ती रडत होती हे मला तिच्या आवाजावरून कळलं. "कारण इथं एकदाच विचारतात, सदा. तुला माहीत आहे. तूच सगळ्यांना शिकवतोस. ही नोकरी, ते प्रमोशन, ते डब्लिनचं घर, जे ऑफर झालं त्याला तू पहिल्या झटक्यात येस म्हणालास. मग आजच असं का केलंस?"

सदाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. नखांत काळं तेल गेलं होतं. तो त्या तेलाकडे बघत राहिला.

"त्या सगळ्याला येस म्हणणं सोपं होतं, शुभा," तो म्हणाला. "त्यातलं मला काही एवढं हवंच नव्हतं. मला खरंच हवं असलेलं या देशात आजवर कुणी कधी देऊच केलं नव्हतं."